केळीच्या खांबातनं धागा काढताना

घड उतरला की खांब बांधावर पडायचा, कुजायचा आणि शेवटी ओढ्याला जायचा. आमच्या शिरोळ भागात उसाबरोबर केळीही आहे, त्यामुळं ही घाण दरवर्षीची. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, तेवढ्या त्यातलं सोपट, म्हणजे खांबाचा एकेक थर, सोलून गजऱ्याला घ्यायच्या. ते ताणलं तरी तुटत नाही, हे त्यांच्याच हातात बघितलं.

पहिल्या खेपेला मी खांब चार दिवस गोठ्यात ठेवले. धागा निघाला तो चहात बुडवल्यागत तांबूस! तेव्हा खांब पाडला त्याच दिवशी खरवडा. फार तर दुसऱ्या सकाळी.

तीन फुटांचे तुकडे करा. बाहेरची दोन-तीन सोपटं भरड निघतात, ती दोरीला ठेवा. कापडाजोगा धागा मधल्या सोपटांत असतो. आतल्या पांढऱ्या गाभ्याची भाजी करायची.

सोपट दोन-दोन बोटं रुंद उभं चिरा. तिरक्या फळीवर ठेवून एक टोक पायाखाली दाबा आणि बोथट लोखंडी पट्टीनं स्वतःकडून खाली खरवडत न्या. धार असली की धागाच कापला जातो. पहिल्या दोन-तीन हातांत नुसतं पाणी आणि बुळबुळीत गर निघतो, मग पट्टीखाली करकर लागायला लागते. तो आवाज आला की हात हलका करा. अर्धं झालं की टोक फिरवून उरलेलं. जुनं लुगडंच नेसून बसा, केळीचा डाग जन्मात निघत नाही.

लगेच दोन-तीन पाण्यांतनं धुवा, पिळा, सावलीत तारेवर टाका. कडक उन्हात धागा पिवळा पडतो आणि कडकतो. जुलैत तर आमच्याकडं पापडसुद्धा वाळत नाहीत, तेव्हा हे काम दिवाळीनंतरचं.

वीस किलोच्या खांबात सुका धागा दीडशे ग्रॅम मिळाला तरी खूश व्हा, बाकी सगळं पाणीच. चोथा गांडूळखताला जातो.

विणायला ताणा, म्हणजे उभे धागे, सुताचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, केळीचा ठेवा, तोही हातमागावर. धाग्याला धागा गाठून केलेली एक लडी घेऊन मी इचलकरंजीला गेले होते. यंत्रमागवाल्यानं दोन बोटांत धरून झटका दिला, गाठीपाशी तुटली. हसला बिचारा, पण चहा पाजला.

उसाच्या पाचटाचं असं होईल का, हे सगळेच विचारतात. त्यातनं असा लांब धागा हातानं निघत नाही. ते सरीतच राहू दे, पेटवू मात्र नका.