चरबी मोजताय? आधी या चुका टाळा

घरोघरी आलेला स्मार्ट वजनकाटा चरबी मोजत नाही, हे आधी पक्कं डोक्यात बसवा. तो तळपायांतून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडतो आणि त्याला किती अडथळा झाला एवढंच बघतो. स्नायूंमध्ये पाणी भरपूर, म्हणून तिथून प्रवाह सहज जातो. चरबीत पाणी कमी, तिथे तो अडतो. या अडथळ्यात तुमचं वय, उंची, वजन घालून ॲप टक्केवारीचा अंदाज बांधतं. शिवाय फक्त पायाखाली पट्ट्या असलेल्या काट्यात प्रवाह एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. छाती-दंडांशी त्याची गाठच पडत नाही आणि पोटाशीही जेमतेमच. म्हणजे ज्या पोटापायी काटा घेतला, त्याचा हिशेब बराचसा अंदाजपंचे. (पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हा चरबीचा भाग वापरूच नये.)

त्यामुळे पहिली चूक म्हणजे वाटेल तेव्हा काट्यावर चढणं. संध्याकाळी जिमवरून घामाघूम आल्यावर एक आकडा, सकाळी दुसरा, आणि मग रात्रीच्या भाताला शिव्या. पाणी कमी प्यायलात तरी चरबी ‘वाढते’, पायांवर सूज असली तरी ‘घटते’. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, कोरड्या अनवाणी पायांनी: वेळ हीच आणि काटाही हाच. घरातला प्रत्येकजण आपल्याच प्रोफाइलवर चढतोय ना, उंची बरोबर भरलीय ना, तेही एकदा तपासा. आणि ॲपमधला खेळाडूंसाठीचा ‘ॲथलीट मोड’ सुरू केला की टक्केवारी झटक्यात उतरते. त्यात तुमचं कर्तृत्व काही नाही, सूत्र बदललेलं असतं.

वजनाचंही तसंच. शरीर कर्बोदकं ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. म्हणून भात-पोळी बंद केली की पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात आणि लग्नाच्या एका पंगतीनंतर किलोभर परत येतात. ‘एकादशी दुप्पट खाशी’ करून साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स हाणले, तर द्वादशीला काटा वर जाणारच. मीठही पाणी धरतं. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. एवढं जास्तीचं एका रात्रीत खाऊन दाखवा! स्त्रियांमध्ये पाळीच्या आधी पाणी साठतं, म्हणून या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या पाळीच्या चक्रातल्या त्याच दिवसांशी करा. इतरांनी रोजचं वजन लिहून आठवड्याची सरासरी काढली तरी पुरे. रोजचा आकडा वहीत असू दे, मनावर नको.

टक्केवारीचा घोळ मात्र जास्त फसवा. समजा वजन ८० किलो आणि चरबी २५ टक्के, म्हणजे २० किलो. दोन महिने उपाशीपोटी राहून वजन ७६ झालं आणि चरबी २४ टक्के. सगळे कौतुक करतात. पण हिशेब मांडा: चरबी १८.२ किलो, म्हणजे गेली पावणेदोन किलो. बाकीचं वजन ६० वरून ५७.८ वर आलं. पाणी वगळलं तरी त्यात स्नायू गेल्याची दाट शक्यता आहे. उलट वजन ८० वरच अडलंय आणि टक्केवारी २५ ची २२ झाली, तर चरबी जवळपास अडीच किलो कमी झालीय आणि तेवढंच बाकीचं वाढलंय. हा माणूस ‘काहीच फरक नाही’ म्हणत जिम सोडतो! म्हणून टक्के लिहिलेत की शेजारी किलोही लिहा.

बीएमआयवर (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणाऱ्या आकड्यावर) विसंबून ‘मी तर बारीकच आहे’ म्हणणं ही आपल्याकडची खास चूक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटोच छापला. बीएमआय दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपली ठेवण बीएमआयमध्ये दिसत नाही, टेपमध्ये दिसते. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही कंबरेची धोक्याची रेषा मानतात.

पण टेप लावायची कुठे? पँट जिथे बसते तिथे नव्हे. ढेरी सुटलेल्याची पँट पोटाखालीच बसते आणि वर्षानुवर्षं ‘चौतीसच’ राहते. बाजूला बोटांनी चाचपून शेवटची बरगडी शोधा, खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा आणि त्या दोहोंच्या बरोबर मध्ये टेप गुंडाळा. टेप जमिनीला समांतर, अंगाला टेकलेली पण रुतलेली नको. श्वास सहज सोडून वाचा. पोट आत ओढू नका, बघणारं कोणी नाही. दोनदा मोजा, एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. शिवणकामाची जुनी टेप ताणून लांबलेली असते, ती आधी स्टीलच्या पट्टीवर पडताळून घ्या.

कातडीची घडी चिमट्यात (कॅलिपरमध्ये) धरून चरबी मोजून घेत असाल तर दरवेळी तोच माणूस, तीच बाजू, आणि व्यायामाआधी. क्ष-किरणांनी चरबी, स्नायू आणि हाडं वेगवेगळी मोजणारा डेक्सा स्कॅन या सगळ्यांत भरवशाचा, पण तोही दरवेळी त्याच मशीनवर आणि वर्षातून दोनदा पुष्कळ झाला. काट्याचा आकडा डेक्साशी जुळवत बसू नका, दोन्हींची सूत्रं वेगळी.

सरासरी वजन आणि कंबर दोन्ही महिनाभर जागची हलली नाहीत, तरच खाण्यात बदल करा. तोवर आहे ते चालू ठेवा. मात्र दोन-तीन दिवसांत दोन किलो चढले आणि घोट्याजवळ बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, धापही लागत असेल, तर ॲप बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.