स्वतंत्र सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणून पहिले काम घेताना

नोकरी चालू असतानाच बाहेरचे काम घ्यायचे असेल, तर प्रथम आपले नेमणूकपत्र पुन्हा वाचावे, कारण अनेक कंपन्या अशा कामास स्पष्ट मनाई करतात. मनाई नसली तरी कंपनीच्या लॅपटॉपवर ग्राहकाच्या कोडची एक ओळही लिहू नये. नोकरी सोडणार असाल, तर किमान सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असावा. पैशांची निकड असलेला माणूस नको ते काम नको त्या दरात स्वीकारतो.

दर ठरवताना महिन्याच्या पगाराला कामाच्या तासांनी भागून चालत नाही. ग्राहक शोधणे, अंदाजपत्रक देणे, बिलांचा पाठपुरावा करणे आणि नवे शिकणे यांत बराच वेळ जातो आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा, आरोग्य विमा व भरपगारी रजा हेही आता आपल्याच कमाईतून भागवायचे असते. त्यामुळे आठवड्यातील निम्म्याच तासांचे पैसे मिळतील असे धरून हिशेब करावा.

सर्वांत अधिक काळजी करारात घ्यावी. ‘वेबसाइट तयार करून देणे’ एवढ्यावर थांबणारा करार पुढे हमखास वाद निर्माण करतो. कोणती पाने, कोणत्या सुविधा, मजकूर कोण देणार, सर्व्हरचा खर्च कोणाचा, चाचणीनंतर किती दिवस चुका विनामूल्य दुरुस्त करायच्या आणि वाढीव मागणीचा दर काय, हे सर्व लेखी हवे. कोडच्या मालकीबाबतही मौन नको. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार संगणक आज्ञावली (प्रोग्राम) ही साहित्यकृती मानली जाते आणि स्वतंत्रपणे काम करणारा लेखक सामान्यतः तिचा प्रथम मालक असतो. हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी व स्वाक्षरी केलेला दस्तऐवज लागतो. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. जाणकार ग्राहक कायमस्वरूपी हस्तांतरण मागेल आणि ते योग्यच आहे. मात्र पूर्ण मोबदला मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील, हे वाक्य आपण आग्रहाने घालून घ्यावे. थकलेले पैसे वसूल करताना त्याचा मोठा आधार मिळतो.

काम सुरू करण्यापूर्वी काही रक्कम आगाऊ घ्यावी आणि उर्वरित टप्प्याटप्प्याने मिळेल असे ठरवावे. छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम पोर्टलवरील नोंदणी विनामूल्य आहे व ती आरंभीच करून ठेवावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कमाल ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ ने खरेदीदारावर घातले आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे लागते.

करांची बाजू वाटते तितकी किचकट नाही. माहिती तंत्रज्ञान व्यावसायिकाची व्यवसायातून होणारी वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत असेल, तर तिच्या ५० टक्के रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याची सोय आहे. रोखीने आलेली रक्कम पाच टक्क्यांहून अधिक नसल्यास ही मर्यादा ७५ लाख होते. अशा वेळी आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरता येतो. ग्राहकाने कापलेला उद्गमकर (टीडीएस) आपल्या पॅनवर जमा झाला का, हे मात्र नियमित पाहावे. महाराष्ट्रात व्यवसाय कराचे वार्षिक २,५०० रुपये वेगळे भरावे लागतात. सेवा देणाऱ्यास वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेल्यावर जीएसटी नोंदणी आवश्यक ठरते.

परदेशी ग्राहकाचे काम नियमांच्या अटी पूर्ण करत असेल, तर ते सेवेची निर्यात ठरते आणि त्यावर जीएसटीचा शून्य दर लागू होतो. जीएसटी नोंदणी असल्यास, कर न भरता निर्यात करण्यासाठी दर आर्थिक वर्षी हमीपत्र (एलयूटी) दाखल करावे लागते. परकी चलन आल्याचा बँकेचा दाखला प्रत्येक बिलासोबत जपून ठेवावा, कारण निर्यात सिद्ध करताना तोच मागितला जातो.