पाचवा फाऊल आणि मी चुकून दिलेले फ्री थ्रो

बास्केटबॉलचा पंच म्हणून माझ्या पहिल्याच मोसमात मी एका संघाला हक्काचे नसलेले दोन फ्री थ्रो, म्हणजे रेषेवरून विनाअडथळा मारायचे थ्रो, दिले. चेंडू घेऊन आलेला खेळाडू डिफेंडरच्या छातीवर आदळला, मी चार्जची, म्हणजे चेंडू घेऊन आलेल्याच्याच फाऊलची, शिट्टी वाजवली. तिथवर ठीक होतं. गुणलेखकाच्या टेबलकडे पाहिलं तर त्या क्वार्टरमधला चेंडू असलेल्या संघाचा तो पाचवा फाऊल. पाचव्याला दोन फ्री थ्रो, हे इतकं पाठ झालं होतं की मी समोरच्या संघाला थेट रेषेवर बोलावलं. पहिला थ्रो पडल्यावर सहकारी पंच धावत आला. चूक दुरुस्त झाली, गुण रद्द झाला.

नवीन पंचांना मी सगळ्यात आधी हेच समजावतो. फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत चेंडू ज्या संघाकडे आहे, त्याच संघाच्या खेळाडूचा फाऊल संघाच्या खात्यात धरला जातो, पण त्यावर फ्री थ्रो मिळत नाहीत. समोरच्या संघाला रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला मिळतो, बस. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये तर असा फाऊल संघाच्या मोजणीतही येत नाही. टीव्हीवर एक नियम बघायचा आणि मैदानावर दुसरा लावायचा, गोंधळ इथेच होतो.

मला खरा आधार मिळाला तो जुना इतिहास वाचून. बास्केटबॉलचे जनक नेस्मिथ यांच्या १८९१ च्या १३ नियमांत फ्री थ्रो नव्हताच. एका संघाने सलग तीन फाऊल केले आणि मधे दुसऱ्याने एकही केला नाही, तर दुसऱ्याला एक गोल. फ्री थ्रो नंतर आला, रेषा १५ फुटांवर स्थिरावली. तरीही १९२० च्या दशकापर्यंत संघातला सगळ्यात नेमबाज खेळाडू सगळ्यांचे थ्रो मारू शकत असे. मग ज्याच्यावर फाऊल झाला त्यानेच मारायचं ठरलं. एनबीएत बोनसमध्ये, म्हणजे संघाचे फाऊल मर्यादेपलीकडे गेल्यावर, दोन गुणांसाठी तीन संधी मिळत, ते १९८१ मध्ये बंद झालं. अमेरिकेतल्या शालेय नियमांनीही २०२३-२४ पासून 'पहिला पडला तरच दुसरा' ही पद्धत सोडली. आता क्वार्टरच्या पाचव्या फाऊलपासून सरळ दोन. भरपाई किती आणि कोणाला, हे बदलत आलं आहे. पण आज चेंडू असलेल्या संघानेच फाऊल केला, तर चेंडू गमावणं हीच त्याची शिक्षा.

चार्ज की ब्लॉक (म्हणजे डिफेंडरचा फाऊल) हा निर्णय मात्र अजूनही मला घाम फोडतो. डिफेंडर पुतळ्यासारखा उभा हवा, असं मी खेळाडू असताना ऐकलं होतं. ते चूक आहे. समोर तोंड, दोन्ही पाय जमिनीवर, अशी जागा त्याने एकदा घेतली की तो मागे किंवा बाजूला सरकू शकतो. पण हल्लेखोर हवेत गेल्यावर त्याच्या वाटेत येता येत नाही. अमेरिकी कॉलेजच्या पुरुषांच्या खेळात तर २०२३-२४ पासून उडीसाठी पाय रोवायच्या आधीच डिफेंडर जागेवर हवा. त्यात बास्केटखाली जमिनीवर आखलेली कमान: एनबीएने १९९७ मध्ये ४ फुटांची आणली, फिबाने २०१० मध्ये १.२५ मीटरची. कमानीत उभ्या डिफेंडरवर हवेतला शूटर आदळला तर चार्ज नाही. मात्र शूटरने हात किंवा पाय नियमाबाहेर वापरला असेल तर फाऊल आहेच.

आणखी एक बदल मला फार आवडला. शूट करताना मुद्दाम डिफेंडरच्या अंगावर झुकून किंवा पाय बाहेर फेकून फ्री थ्रो मिळवण्याची सवय वाढली होती. एनबीएने २०२१-२२ पासून अशा हालचालींवर एकतर शिट्टीच नाही, नाहीतर हल्लेखोराचाच फाऊल, असं ठरवलं. बचाव करणाऱ्यांना त्याने न्याय मिळाला.

सरावात एक गोष्ट करा: चेंडू सोडून डिफेंडरचे पाय आणि छाती बघा. पहिले आठवडे चेंडू नजरेतून निसटेल, निसटू द्या. सामन्याआधी मी आता सहकाऱ्याला दोनच प्रश्न विचारतो. आज कोणत्या वर्षीचं नियमपुस्तक लागू आहे? आणि ड्राइव्ह आला, म्हणजे खेळाडू चेंडू घेऊन बास्केटकडे घुसला, तर कमान कोण बघणार?