आईला ऐकू येतं, पण कळत नाही: वयस्कर माणसांशी बोलताना या चुका टाळा

“आई, सातला निघायचंय गं!” मी आतल्या खोलीतून ओरडून सांगितलं. “बरं” असं उत्तरही आलं. सातला मी चपला घालून दारात उभी, आणि आई निवांत पेपर वाचतेय. “आठला म्हणालीस ना?”

मी चिडले. चूक माझी होती, हे कळायला बरेच दिवस गेले. ‘सात’ आणि ‘आठ’ दोन्हींतला ‘आ’ तिच्यापर्यंत ठणठणीत पोचला होता. ‘स’ वाटेतच गळाला, शेवटचं अक्षर पुसट झालं आणि उरलेली जागा तिने अंदाजाने भरली.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते, कॉक्लिआ. तिच्यात, प्रत्येक कानात, सुमारे १५ हजार केशपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या, केसांसारखे तंतू असलेल्या पेशी. त्या एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. वयानुसार आधी झिजतात त्या नळीच्या तोंडाशी असलेल्या, म्हणजे बारीक, उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. आपल्या बोलण्यात जोर असतो तो अ, आ, ओ अशा स्वरांना, आणि ते खालच्या पट्टीत असतात. स, श, च, फ, थ ही मंडळी मुळातच हलकी आणि उंच पट्टीतली. पण शब्द ओळखायचा तो बहुतेक त्यांच्यावरूनच. म्हणून “कोणीतरी बोलतंय” हे कळतं, “काय बोलतंय” हे निसटतं.

आवाज चढवणे

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ओरडलं की स्वर फुगतात, व्यंजनं होती तिथेच राहतात, उलट स्वरांखाली दबतात. त्यात केशपेशी कमी झालेल्या कानात ‘जेमतेम ऐकू येतं’ आणि ‘सहन होत नाही’ यांतलं अंतर आक्रसतं. म्हणून आधी “जरा मोठ्याने बोल” आणि लगेच “ओरडतेस कशाला?” हा विक्षिप्तपणा नाही, कानाची अवस्था आहे. शिवाय ओरडताना आपला चेहरा रागावलेला दिसतो, ते वेगळंच.

याचाच गोड भाऊ म्हणजे लहान मुलाशी बोलावं तसं लाडिक बोलणं: “आऽऽई, औऽषध घेऽतलंस का?” इथेही ताणले जातात ते स्वरच, आणि आवाज आणखी वरच्या पट्टीत जातो, त्याने समजणं काही सोपं होत नाही. (ऐकणाऱ्याचा अपमान होतो तो धरलेलाच नाही.) वयाबरोबर मेंदूचा आवाज उलगडण्याचा वेगही मंदावतो, त्यामुळे सावकाश बोलणं बरोबरच, पण शब्द ताणू नका, वाक्यांमध्ये थांबा. “उद्या दवाखान्यात जायचंय.” थांबा. “सातला निघू.” थांबा. “फाइल काढून ठेव.” एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

पाठमोरं आणि दुसऱ्या खोलीतून बोलणे

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. घरात भिंतींवरून परतणारा आवाज त्यात मिसळून व्यंजनं आणखी धूसर करतो. आणि ओठ दिसत नाहीत. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की कानावर ‘बा’ पडत असताना डोळ्यांना ‘गा’ म्हणणारे ओठ दिसले, तर पुष्कळांना चक्क ‘दा’ ऐकू येतं. म्हणजे आपण सगळेच थोडंफार डोळ्यांनी ऐकतो. “थांब, चष्मा लावते, मग सांग” हे आईचं वाक्य मी विनोद समजत होते! तेव्हा जवळ जा, समोर या, उजेड आपल्या तोंडावर पडू द्या, आणि आधी टीव्ही बंद करा.

“रिपोर्ट नॉर्मल आहे, मग लक्षच देत नाही”

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढतात तो शांत बंद खोलीत, एकेका ‘बीप’वर. चार माणसं एकदम बोलत असताना त्यांतला एक आवाज वेगळा काढणं हे निराळंच काम आहे, आणि वयाबरोबर ते अवघड होतं, रिपोर्ट चांगला असला तरी. २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांना उंदरांत आढळलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी केशपेशी आणि नस यांमधले कितीतरी सांधे कायमचे तुटलेले होते. माणसांत याचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. तक्रार गोंगाटातली असेल, तर गोंगाटात बोलणं समजण्याची चाचणी मागून घ्या.

तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणणे

जो ‘स’ दोनदा पोचला नाही, तो तिसऱ्यांदा कसा पोचणार? वाक्य बदला, आणि विषय आधी सांगा. संदर्भावरून अंदाज बांधण्यात वयस्कर माणसं पटाईत असतात. “डॉक्टरांचं सांगतेय” एवढं कळलं की पुढचं बरंच जुळतं. पण हा अंदाज फुकट नसतो. शब्द जुळवण्यातच लक्ष खर्च होतं, लक्षात ठेवायला कमी उरतं. “आई हल्ली विसरते” म्हणण्याआधी तिला ते नीट पोचलं होतं का, ते बघा.

फोनवर तर आणखी पंचाईत. साधा फोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे नेतो. ‘स’चा बराचसा भाग त्याच्या वर असतो. आकडे सुटे सांगा, “साठ, सहा-शून्य”, किंवा मेसेज करा.

श्रवणयंत्र खणात ठेवून देणे

यंत्र घेण्याआधी कानात मळ नाही ना, ते डॉक्टरांकडून बघून घ्या. घरी काडी घालू नका, मळ आणखी आत जातो. यंत्र लावलं की पहिले दिवस पंखा, कागद, भांडी सगळंच अंगावर येतं. मेंदूला सवय व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. सुरुवात शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना करावी. पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये नेऊ नये. एक मात्र वयावर ढकलू नका: एखाद्या कानाचं ऐकणं काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक गेलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. उपचार लवकर सुरू झाले तरच फायद्याची शक्यता जास्त.

आणि “कळलं का?” असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी “हो”च येतं. मी आता विचारते, “मग किती वाजता निघायचं म्हणतेस?” परवा आई म्हणाली, “सातला. आणि मी बहिरी नाहीये.”