टेबल सोडताय? मग आधी ड्रॉवर कसा रिकामा करायचा ते वाचा

एप्रिल-मे आला की आपल्याकडे सरकारी ऑफिसांत बदल्यांचा सीझन. राज्याच्या 2005 च्या बदली कायद्याने तीन वर्षं झाली की माणूस हलणार हे साधारण ठरलेलंच आहे, तरी ऑर्डर हातात पडली की सगळ्यांची धावपळ बघण्यासारखी असते. चार्जच्या यादीत, म्हणजे पुढच्याच्या ताब्यात काय काय दिलं त्या यादीत, नस्त्या येतात, रजिस्टरं येतात, कॉम्प्युटर, प्रिंटर, अगदी मोडकी खुर्चीसुद्धा येते, ड्रॉवर मात्र कुणीच लिहीत नाही. मग शेवटच्या दिवशी संध्याकाळी हार-नारळ घेऊन गाडीकडे जाता जाता माणूस अख्खा ड्रॉवर एका पिशवीत उलटा करतो नाहीतर सरळ तसाच टाकून निघून जातो, आणि पुढचा बिचारा येऊन बघतो तर आत एक टाळ, दोन नारळ आणि कुणाच्यातरी मुलीचा बायोडाटा.

तर हे कसं करायचं ते सांगतो. प्रायव्हेटमध्ये असाल, राजीनामा देऊन निघाला असाल तरी फार फरक नाही, फक्त नस्तीच्या जागी फाईल वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा की तुमच्या ड्रॉवरमधलं निम्मं सामान तुमचं नाहीच. काही मागच्याने सोडलेलं, काही शेजारच्या टेबलवाल्याने "जरा ठेवा हो" म्हणून दिलेलं, काही देवाचं, काही सरकारचं. म्हणून हे साफसफाईचं काम समजू नका, परत करायचं काम समजा. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून लोक म्हणतात शनिवारी येऊन निवांत करतो, पण ते नको, शनिवारी ज्यांना विचारायचं ते कुणीच नसतात. कामाच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर, सगळे जागेवर असताना बसा. सोबत जुना पेपर, आठ-दहा रिकामी पाकिटं, एक मार्कर, ओलं फडकं आणि जुना टूथब्रश घ्या. टूथब्रश बहुतेक ड्रॉवरमध्येच सापडेल.

वरून वरून वस्तू उचलत बसायचं नाही. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढायचा. नवीन टेबलांना बाजूला चॅनेल असतात, ड्रॉवर पूर्ण ओढला की दोन्ही चॅनेलवर एकेक काळी प्लास्टिकची पट्टी दिसते, एका बाजूची वर उचलायची आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबायची, दोन्ही एकदम, की ड्रॉवर हातात येतो. जुनं लाकडी टेबल असेल तर जरा वर उचलून ओढा, निघतो. पावसाळ्यात फुगून अडकला असेल तर जोर लावून हँडल तोडू नका, वरचा ड्रॉवर आधी काढा आणि त्या जागेतून हात घालून खालच्याला मागून ढकला. बऱ्याच लाकडी टेबलांना मध्ये फळी नसते, त्यामुळे कुलूप लागलेला आणि किल्ली हरवलेला खालचा ड्रॉवरसुद्धा असाच वरून रिकामा करता येतो (याचा दुसरा अर्थ असा की तुमचं कुलूप म्हणजे नुसता देखावा आहे, हेही लक्षात ठेवा).

ड्रॉवर काढायला का सांगतोय, तर त्याच्या मागे काय पडलंय ते बघायला. ड्रॉवर गच्च भरला की वरचे कागद मागच्या कडेवरून घसरून टेबलाच्या पोटात पडतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. ज्या कागदासाठी अख्ख्या ऑफिसने कपाटं पालथी घातली, एकमेकांवर ढकलाढकली केली, तो इथे सापडतो. आणि कधी कधी सापडतो तो माहितीच्या अधिकाराचा अर्ज, वर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प तसंच चिकटलेलं. हा सापडला तर बाकी सगळं सोडून उठायचं. उत्तराची मुदत 30 दिवसांची, त्यानंतर दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 पर्यंत दंड, आणि तो माहिती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. त्यामुळे गुपचूप परत मागे टाकायचा मोह आवरा, त्याच दिवशी माहिती अधिकाऱ्याच्या हातात द्या, आवकला, म्हणजे आलेल्या टपालाच्या रजिस्टरला, नोंद आहे का बघा, आणि कुठे सापडला ते लेखी द्या. साहेब चिडतील, चिडू देत. तुम्ही गेल्यावर सापडला तर जास्त चिडतील, आणि तेव्हा तुमची बाजू मांडायला तुम्ही तिथे नसणार.

आता वाटणी. कागदांसाठी सहा गठ्ठे पद्धत आहेच, प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात (रेकॉर्ड रूममध्ये) पाठवायचे आणि नष्ट करायचे ड वर्गाचे, म्हणजे थोडाच काळ ठेवायचे. ड्रॉवरला मी चारच करतो: सरकारचं, लोकांचं, देवाचं, आणि उरलं ते माझं. आपलं शेवटी, कारण ते सगळ्यात कमी निघतं.

सरकारच्या गठ्ठ्यात स्टेपलर, पंच, टोच्या, टॅगचा गुंता, लाखेचा तुकडा, स्टॅम्प पॅड हे तर आलंच पण खरी भानगड असते रबरी शिक्क्यांची. मागचे दोन-तीन साहेब बदलून गेले, एक तर रिटायर झाले, तरी त्यांच्या नावाचे शिक्के ड्रॉवरमध्ये. हे घरी न्यायचे नाहीत, मुलांना खेळायला तर अजिबात नाही. यादी करून वरिष्ठांकडे द्या आणि त्यांच्यासमोर रबर कापून टाका. तसंच डिजिटल सहीचा डोंगल. हा बऱ्याचदा साहेबांचाच असतो, "तूच करत जा रे" म्हणून क्लार्ककडे दिलेला, आणि कहर म्हणजे त्याला सेलोटेपने पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली. आयटी कायदा 2000 प्रमाणे त्या सहीला हाताच्या सहीइतकीच किंमत आहे, म्हणजे तुम्ही दुसऱ्याचा हात ड्रॉवरमध्ये ठेवून चाललाय. चिठ्ठी फाडा, डोंगल ज्याचा त्याला द्या आणि पोच घ्या. पोच मागायला लाजू नका.

रेव्हेन्यू स्टॅम्प सापडतील, दमट हवेने एकमेकांना चिकटलेले. 5,000 च्या वरच्या पावतीला एक रुपयाचं लागतंच, त्यामुळे चांगले आहेत ते बटर पेपरमध्ये घालून पुढच्याला ठेवा. बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी सोबत टाकली तर अजून बरं.

मग लोकांचं. इथे वेळ जातो आणि जाऊ द्यावा. प्रत्येक विचित्र वस्तूमागे काहीतरी कारण असतंच, आधी हसून मोकळे होऊ नका. मुंबईला होतो तेव्हा एकाच्या ड्रॉवरमध्ये चांगले वजनदार टाळ होते फडक्यात गुंडाळलेले. लोकलच्या भजनी मंडळाचे, संध्याकाळच्या गाडीला लागायचे, दिवसभर ठेवणार कुठे. असे टाळ, पत्त्यांचा कॅट, भिशीची डायरी, पतपेढीचं पासबुक, एकच कानातलं, चष्म्याची एकच काच, साडीपिनांचा डबा, ब्लेझरचं बटण, सगळं वेगवेगळ्या पाकिटात घाला, वर मार्करने नाव लिहा आणि टेबलाटेबलावर फिरा. "भाऊसाहेब, हे तुमचं का?" एवढंच विचारायचं, कशाला ठेवलं होतं हे विचारायचं नाही.

लग्नाचे बायोडाटा हा वेगळाच प्रकार. प्रत्येक ऑफिसात एक तरी टेबल असतं जिथे पंचक्रोशीतल्या मुलामुलींचे बायोडाटे जमा होतात. जन्मवेळ, गोत्र, पगार, मामाचं गाव, फोन नंबर, फोटो, सगळं त्यात. यातल्या निम्म्यांची लग्नं होऊन पोरं शाळेत गेलेली असतात. ते रद्दीत देऊ नका, वडापाव बांधून येईल त्यात कुणाचातरी फोटो. ज्याने दिला त्याला परत, नाहीतर बारीक फाडून टाका, नंबर आणि फोटो तर नक्कीच.

पैसे सापडले तर. सुट्टी नाणी चहाच्या डब्यात. चार आणे 30 जून 2011 पासून बंद आहेत, आठ आणे अजूनही कायद्याने चालतात, दुकानदार घेत नाही हा भाग वेगळा. 2,000 ची नोट एखाद्या डायरीच्या कव्हरमध्ये दडलेली निघाली तर घाबरू नका, 19 मे 2023 ला ती मागे घ्यायची घोषणा झाली तरी ती रद्द नाही, रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात बदलून मिळते, आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूरला, किंवा पोस्टाने पाठवून खात्यात जमा होते. पण 8 नोव्हेंबर 2016 च्या आधीच्या 500-1000 च्या जुन्या नोटांचा गठ्ठा निघाला तर तो गमतीचा विषय नाही, 2017 च्या कायद्याने दहापेक्षा जास्त जुन्या नोटा जवळ ठेवणं हा गुन्हा आहे, दंड कमीत कमी 10,000. एखादी आठवण म्हणून ठेवली तर चालतंय. आणि हो, पैसे कुणाचे ते माहीत नसेल तर दोन माणसं समोर ठेवून मोजा.

देवाचं. खंडेनवमीच्या पूजेचे नारळ, हळदीकुंकवाच्या पुड्या, सुकून भुगा झालेली आपट्याची पानं, कुठल्या कुठल्या देवस्थानाचा अंगारा, साहेबांचा राग शांत व्हावा म्हणून ठेवलेलं लिंबू. हे कचऱ्याच्या डब्यात टाकलं की ऑफिसात कुणीतरी दुखावतंच, म्हणून एका पिशवीत घेऊन निर्माल्यात द्या किंवा आवारातल्या झाडाच्या बुंध्याशी पुरा. अंगाऱ्याची पुडी मावशींना विचारून मगच हलवा, त्यांनीच ठेवलेली असू शकते, तुमच्या भल्यासाठी. नारळ मात्र कानाशी धरून हलवा. पाणी वाजतंय, तर अजून नारळ आहे, पण जुना असेल तर फोडताना वास घ्या. पाणी नाही आणि आत काहीतरी कडक खुळखुळतंय तर गोटा झाला, छान खोबरं निघेल, शिपायांना देऊन टाका. खालून ओला लागतोय नाहीतर डोळ्यांजवळ बुरशी आहे, तर हात जोडा आणि सोडा.

आता खाण्याचं, औषधांचं आणि जे उरलं ते, पटापट. सॉसच्या पुड्या, साखरेच्या पुड्या, अर्धं फरसाण, आवळा सुपारी, लोणच्याची बरणी, सगळं बाहेर, याच्यावर चर्चा नाही, उंदीर आणि झुरळं याच्यावरच येतात आणि मग नस्त्या कुरतडतात. गोळ्यांच्या पट्ट्यांची तारीख बघा, कापलेल्या पट्टीवर तारीखच उरलेली नसते, ती टाकाच. कोविडमधला ऑक्सिमीटर बऱ्याच ड्रॉवरमध्ये अजून आहे, त्यातले सेल फुटून पांढरी पूड आली असेल तर बोट लावू नका, इअरबडवर लिंबाचा रस घेऊन पुसा. मोबाईलची जुनी बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, डस्टबिनमध्येही नको, ई-कचरा घेतात तिथे द्या. कोविडचंच सॅनिटायझर मात्र उपयोगी आहे, शाईचे डाग त्याने बऱ्यापैकी निघतात, फक्त आधी काडेपेटी आणि कापूर बाजूला करा. रबरबँड वितळून कागदाला चिकटला असेल तर ओढू नका, कागद फाटेल, वर थोडी पावडर टाका आणि पट्टीच्या कडेने हळू खरवडा.

कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या प्रत्येक ड्रॉवरमध्ये असतात. या टाकू नका. एका सुतळीत ओवून, "टेबल नंबर अमुक, कुलूप माहीत नाही" असा पुठ्ठा लावून रेकॉर्ड रूमच्या माणसाकडे द्या, एखादं कपाट वर्षानुवर्षं त्याच किल्लीची वाट बघत असतं.

ड्रॉवर पुसून झाला की लाकडी असेल तर खालच्या कडांना मेणबत्ती घासा, छान सरकतो. तळाला जुना पेपर अंथरा. आणि मग पुढच्यासाठी थोडंसं मुद्दाम ठेवा, अगदी कोराच देऊ नका: चालणारं एक पेन, दहा नंबरच्या पिनांची डबी, सेफ्टी पिन, सुई-दोरा, बामची नवी छोटी बाटली, आणि एका कागदावर चार ओळी, की पंख्याचं कुठलं बटण लागत नाही, चहावाल्याचं बिल कुठपर्यंत दिलंय, प्रिंटर अडकला की कुठून उघडायचा, आणि टपाल दुपारी किती वाजता येतं. चार्जच्या यादीत शेवटी हाताने एक ओळ वाढवा, "ड्रॉवर दोन, रिकामे, किल्ल्या दोन", आणि त्याच्यावरही सही घ्या.