पहिला पीसी घरी जोडताय? आधी वायरचा कीबोर्ड आणा

पार्ट्सची यादी सगळेच करतात, प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट, मॉनिटर, आणि तिथेच थांबतात. कीबोर्ड काय, असेलच घरात एखादा. घरात असतो तो टॅबसोबत घेतलेला ब्लूटूथचा, आणि नव्या मशीनला त्याचा काडीचा उपयोग नाही. मागच्या खेपेला नाशिकच्या सिडकोत भाच्याचं मशीन जोडताना मी हेच विसरलो. सगळं जोडून झालं, पंखे फिरले, स्क्रीनवर एफ१ दाबा असं आलं आणि दाबायला घरात एकही कीबोर्ड नाही, तोवर एमजी रोडची दुकानं बंद झालेली. म्हणून यादीत पहिला नंबर वायरच्या यूएसबी कीबोर्डचा. साधा, चार-पाचशेतला, रंगीत लाइटवाला नको, पण नम लॉकचा छोटा दिवा असलेला बघून घ्या, त्याचं काम पुढे सांगतो.

कारण समजून घ्या म्हणजे विसरणार नाही. ब्लूटूथचं पेअरिंग विंडोज सांभाळतं, आणि नव्या मशीनमध्ये विंडोज अजून आलेलंच नसतं. त्याआधी चालतं ते मदरबोर्डच्या चिपमधलं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम, त्याला यूएसबी कीबोर्ड कळतो, ब्लूटूथ बहुतेक बोर्डांना कळत नाही, आणि स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांवर तर ब्लूटूथच नसतं. बायोसमध्ये शिरायला डिलीट किंवा एफ२, पेनड्राइव्हवरून मशीन सुरू (बूट) करायला एफ११ नाहीतर एफ१२ (कंपनीप्रमाणे बदलतं), हे सगळं कीबोर्डशिवाय कसं करणार? छोटा डोंगल लावायचा वायरलेस असतो तो बहुधा चालतो कारण मशीनला तो यूएसबीच वाटतो, पण नेमके तेव्हाच सेल संपले तर परत तेच. वायरचाच घ्या. नंतर पाहिजे तो वापरा, हा कपाटात ठेवून द्या, मशीन बिघडेल तेव्हा परत हाच लागणार आहे. जुना गोल पिनेचा जांभळा कीबोर्ड पडला असेल आणि बोर्डाला तसं पोर्ट असेल तर तोही चालेल, फक्त मशीन बंद असताना लावा.

आता खरेदी. प्रोसेसर आणि बोर्डाचं सॉकेट, म्हणजे तो बसायची जागा, जुळलं पाहिजे, इंटेलची बारावी ते चौदावी जनरेशन एलजीए १७०० मध्ये बसते, एएमडीचं एएम४ वेगळं आणि एएम५ वेगळं, दुकानदाराला दोन्ही नावं सांगून जुळतंय का विचारा. रॅममध्ये लोक हमखास फसतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हीला २८८ पिना, लांबीही तीच, पण मधली खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकाची दुसऱ्यात बसत नाही आणि जोर लावला तर स्लॉट तुटतो. बोर्डाच्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाचून मग रॅम घ्या. लॅपटॉपची जुनी रॅम चालेल का असं विचारतात, नाही चालणार, ती आखूड असते.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. स्वस्त मिळतो म्हणून लोक उचलतात आणि मग मदरबोर्डाच्या एचडीएमआयला मॉनिटर लावून बसतात, स्क्रीन काळीच. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर एफवाला घ्यायचाच नाही. आणि कार्ड घेतलंत तर मॉनिटरची वायर कार्डाला लावायची, बोर्डाला नाही.

एसएमपीएसवर कंजुषी करू नका, कॅबिनेटसोबत फुकट येतो तो मी तरी लावणार नाही. माउस कुठलाही चालेल, फक्त टेबल काचेचं असेल तर खाली पॅड घ्या, साधा ऑप्टिकल माउस काचेवर धड चालत नाही. दुकानातून निघण्याआधी पिशवीत बघा. कीबोर्ड आहे? वायरचा?

घरी आल्यावर आधी प्लग पॉइंट बघा. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांमध्ये तीन पिनेचं सॉकेट दिसतं पण मागे अर्थिंगची वायरच नसते. कॅबिनेटला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात ना, बऱ्याचदा ते त्याचंच. आधी वायरमनला बोलवा, तीन पिनेचं दोन पिनेत करणारा तो जोड अजिबात लावू नका. दुसरं, थंडीत जोडत असाल तर स्वेटर काढून बसा. निफाडचा पारा घसरतो त्या दिवसांत आपल्याकडेही हवा कोरडी असते, लोकरीचा चटका बोटाला जेमतेम जाणवतो पण चिप त्यात जाऊ शकते. दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावत जा. गालिच्यावर तर बसूच नका.

जोडताना प्रोसेसर कडेला धरा. इंटेलच्या आणि एएम५ च्या पिना बोर्डावर असतात, एएम४ च्या प्रोसेसरला, आणि वाकली एक तरी संपलं. कोपऱ्यातला छोटा त्रिकोण जुळवा, प्रोसेसर अलगद आपणहून बसला पाहिजे, दाबायचा नाही. सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण फेकू नका, बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर ते मागतात. प्रोसेसरसोबत येणाऱ्या कंपनीच्या कूलरला (त्यावर बसणारा पंखा) खाली राखाडी पेस्ट लावलेली असते, तिला बोट लावू नका. दोन रॅम असतील तर साधारण दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, बोर्डाच्या पुस्तकात चित्र असतं ते बघा, आणि टक असा आवाज येईपर्यंत दाबा, इथे मात्र जोर लागतो. थेट बोर्डावर बसणाऱ्या एम.२ एसएसडीचा इवलासा स्क्रू आधीच वाटीत काढून ठेवा, फरशीवर पडला की सापडत नाही. बोर्डाखाली पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे छोटे खांब) लावल्याशिवाय बोर्ड ठेवू नका, शॉर्ट होईल.

बोर्डाला पॉवरच्या वायरी दोन. मोठी २४ पिनेची सगळ्यांना दिसते, दुसरी चार अधिक चार पिनेची प्रोसेसरजवळ कोपऱ्यात लागते, ती राहिली की पंखे फिरतात पण स्क्रीन येत नाही.

पहिल्यांदा चालू करताना कीबोर्ड मागच्या बाजूला, थेट बोर्डाच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टची आतली वायर जोडायची राहिली असेल तर तो तिथे मेल्यासारखाच, आणि तुम्ही उगाच कीबोर्डला दोष देत बसाल. आता तो नम लॉकचा दिवा. स्क्रीन काळी आहे, पंखे फिरतायत, बोर्ड मेला का जिवंत आहे कळत नाही, अशा वेळी नम लॉक दाबा. दिवा लागला-विझला तर बोर्ड सुरू झालाय, बायोस कीबोर्डचं ऐकतंय, मग घोटाळा मॉनिटरच्या वायरीत किंवा ग्राफिक्समध्ये शोधा. दिवा हललाच नाही तर मशीन त्याआधीच अडकलंय, रॅम काढून परत बसवा, ती चार अधिक चारवाली वायर बघा. हे ब्लूटूथवाल्याने होणार आहे का? म्हणून सांगतोय.

डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत असतो, नम लॉकसुद्धा तोवर दाद देणार नाही. घाबरून मध्येच बंद करू नका, चहा करून या.

विंडोजचा पेनड्राइव्ह आदल्या दिवशीच दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरवर बनवून आणा, ८ जीबीचा पुरतो. अकराच टाका, दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि अकराला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, नाही म्हणालं तर बायोसमध्ये जाऊन चालू करायचं (परत कीबोर्ड). सेटअप इंटरनेट मागतो आणि वायफायचा ड्रायव्हर तेव्हा नसू शकतो, लॅन वायर ठेवा नाहीतर फोन यूएसबीने लावून टेदरिंग करा. मराठीसाठी वेगळा कीबोर्ड विकत घेऊ नका, इनस्क्रिप्ट विंडोजमध्येच आहे, भाषेच्या सेटिंगमधून घ्यायचं.

यूपीएस आणल्या आणल्या आधी रात्रभर चार्जिंगला लावा, ६०० व्हीएवाला छोट्या मशीनला पुरतो, लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. बिलं जीएसटीची घ्या, प्रत्येक खोक्यावरच्या सीरियल नंबरचे फोटो काढा, खोकी वॉरंटी असेपर्यंत माळ्यावर टाका.