एबिंगहाउसचा विसरण्याचा प्रयोग घरी कसा करायचा

हा हरमान एबिंगहाउस जर्मन मानसशास्त्रज्ञ, आठवणीवरचे सगळे प्रयोग स्वतःवरच करायचा, १८८५ ला त्यावर पुस्तक काढलं. आधी चिठ्ठ्यांवर अर्थ नसलेली अक्षरं लिहा, झप, टूस, रेक असली (गोम चालणार नाही, तो किडा आहे). त्याने अशी २३०० बनवलेली, आपल्याला १२ बास. घड्याळाच्या टिकटिकीवर एकाच वेगात वाचत राहा, न अडखळता म्हणता येईपर्यंत, आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मनात गाणं जुळवायचं नाही हां, ती चीटिंग! उद्या तीच यादी परत पाठ करा, पहिल्यापेक्षा जेवढा वेळ कमी लागला तेवढं डोक्यात राहिलं. एबिंगहाउसला एका दिवसाने साधारण ३४ टक्के वेळ कमी लागायचा. मग नवीन यादी घ्या आणि यावेळी तीन दिवसांत वाटून घोका, त्याला एका बैठकीत ६८ वेळा घोकून जे मिळालं ते असं वाटून ३८ वेळातच मिळालं.